पाटाच्या पाण्यामागे, भंडारदऱ्यापर्यंत

राहात्याच्या पोराला पोहणं येतं ते विहिरीत. पाठीला रिकामा डबा, काठावर दोर धरून उभे असलेले चुलते, आणि पाटाला आवर्तन सुटलं की तुडुंब भरणारी विहीर. आमच्या तालुक्यात कुठे गोदावरीच्या उजव्या कालव्याचं पाणी येतं, लोणीच्या पट्ट्यात प्रवरेचं, आणि तळेगावाकडच्या जिरायती गावांना आता निळवंड्याचं. पेरू आणि ऊस याच पाण्यावर. त्यातलं प्रवरेचं पाणी जिथून येतं तिथे एकदा पुतण्यांना न्यायचं मनात होतं. दिवाळी झाल्यावर निघालो.

लोणी, संगमनेर, अकोले. राजूर सोडलं की ऊस मागे पडतो, भातखाचरं सुरू होतात आणि हवा बदलते. रंध्याला धबधबा बघितला, घोरपडादेवीला नमस्कार केला आणि भंडारदरा धरणाजवळच्या शेंडीला पोहोचलो.

भंडारदऱ्याची भिंत दगडी आहे, ८२ मीटर उंच. १९१० साली काम सुरू झालं, १९२६ साली संपलं. पोटात अकरा टीएमसी पाणी. इथून सोडलेलं पाणी प्रवरेच्या पात्रातून निळवंडे धरणात येतं, पुढे ओझरच्या बंधाऱ्याला अडतं आणि तिथून डाव्या-उजव्या कालव्यांत वळतं. धाकटा पुतण्या हे ऐकून म्हणाला, "काका, मग लोणीचं पाणी आधी इथं असतं?" मला या प्रवासातून एवढंच हवं होतं.

रतनवाडीकडे होडीनं निघालो. नावाडी महादेव कोळी समाजातला, फुगवट्याच्या काठच्याच गावचा. लाइफ जॅकेटचे पट्टे त्यानं स्वतः ओढून बघितले, मगच वल्हं हातात घेतलं. "पोहता येतं हो," थोरला म्हणाला. "विहिरीत ना, दादा? विहिरीला काठ जवळ असतो. इथं पाणी गार, आणि दुपारनंतर वारा सुटला की लाटा." मग त्यानं पुतण्यांना वल्हवू दिलं. दोघांची वल्ही जुळेनात, होडी गोल फिरली, आणि ते इतके खळाळून हसले की पलीकडच्या डोंगरावरून आवाज परत आला. समोर रतनगड, त्याचा खुटा आभाळात घुसलेला. मागे कळसूबाईचं शिखर, १६४६ मीटर उंचीचं. याच रतनगडाच्या परिसरात प्रवरा उगम पावते. रतनवाडीच्या अमृतेश्वराचं काळ्या दगडातलं कोरीव देऊळ आणि शेजारची पुष्करणी बघून मी बराच वेळ बसून राहिलो.

परतताना नावाड्यानं बोटानं पाणी दाखवलं: धरण झालं तेव्हा खोऱ्यातली जमीन याखाली गेली. आमच्या पट्ट्यात साखर कारखाने उभे राहिले ते या पाण्यावर. लाभक्षेत्रातल्या माणसानं ही गोष्ट मुलांना सांगितलीच पाहिजे.

काठावर मात्र बाटल्या आणि पत्रावळ्या पडलेल्या दिसल्या. जीव तुटला.

तेव्हा राहाता, लोणी, श्रीरामपूरच्या मंडळींनो, भंडारदऱ्याला जरूर जा, दिवाळीनंतर जा. होडीत जॅकेट घाला, अनोळखी काठावरून पाण्यात उतरू नका, स्थानिक नावाड्याचंच ऐका आणि त्याचे पैसे घासाघीस न करता द्या. कचरा सोबत परत आणा. तेच पाणी पुढे तुमच्या चारीला येतं.