जोडी ठेवा, माणसं बदला

फुटबॉल बघणाऱ्यांमध्ये एक भांडण कायम चालू असतं. दर सामन्याला तेच हुकमी अकरा उतरवायचे, की दमलेल्यांना बसवून सगळ्यांना आलटून पालटून खेळवायचं? आमच्या ऑफिसात हे भांडण लिव्हरपूल आणि सिटीच्या नावाने होतं. मी मूळचा पिंगुळीचा. मला एवढं लांब जायची गरज वाटत नाही. कुडाळ स्टेशनवर कोकण रेल्वे पकडायची, मडगावला उतरायचं, की फातोर्ड्याचं मैदान जवळच. (आमच्याकडे टेनिस बॉल क्रिकेटचं वेड. फुटबॉल म्हणजे शेजारच्या घरातलं कार्य, पण मांडव आपल्या अंगणातून दिसतो!)

तर पहिली साक्ष धेंपोची. आर्मांदो कुलासो यांच्या हाताखाली या क्लबने पाच राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. 2004-05 आणि 2006-07 ची नॅशनल लीग, मग 2007-08, 2009-10 आणि 2011-12 ची आय-लीग. त्या वर्षांतली नावं आठवून बघा. बचावात समीर नाईक आणि पुढे त्याच्या जोडीला आलेला महेश गवळी, मध्यात क्लायमॅक्स लॉरेन्स, डावीकडे क्लिफर्ड मिरांडा, आघाडीला रँटी मार्टिन्स आणि त्याला चेंडू पुरवणारा बेटो. कणा वर्षानुवर्षं तोच.

दुसरी साक्ष त्याहून मजेशीर आहे. 2019-20 च्या मोसमात एफसी गोवा गुणतक्त्यात वर असतानाच जानेवारीच्या शेवटी प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा यांना निरोप मिळाला. उरलेले साखळी सामने त्याच आपल्या क्लिफर्डने सांभाळले. फेब्रुवारीत जमशेदपूरला 5-0 हरवून गोव्याने लीग शील्ड जिंकली. म्हणजे बाकावरचा बॉस बदलला, मैदानावरची घडी मोडली नाही. आणि लोबेरा? ते मुंबई सिटीत गेले. त्यांच्या गोव्यातल्या संघातले मुर्तदा फॉल, अहमद जाहू, ह्युगो बुमुस आणि मंदार राव देसाई हेही त्याच मोसमात मुंबईकर झाले. 2020-21 ला मुंबईने शील्ड आणि करंडक दोन्ही नेले. नव्या घरी जुना संसार थाटला की चूल लवकर पेटते, दुसरं काय!

यावर "ठरलेला संघच बरा" म्हणून मोकळं होता येत नाही. कारण माणूस दमतो. एप्रिल 2021 मध्ये एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गटात एफसी गोवाला 14 ते 29 तारखेच्या दरम्यान सहा सामने खेळायचे होते. सोळा दिवसांत सहा, तेही गोव्याच्या एप्रिलमध्ये! कोकणातला एप्रिल ज्याने अंगावर काढलाय त्याला वेगळं सांगायला नको. तीन बरोबरी, तीन हार. अशा वेळी तेच अकरा लोक कुठला देव उतरवणार? आता तर नियमच बदललाय. करोनाच्या काळात 2020 ला तात्पुरते आलेले पाच बदली खेळाडू 2022 पासून नियमात कायम झाले. गोलकीपर सोडला तर अर्धा संघ सामन्याच्या मधेच बदलता येतो.

बाहेरच्या जगातही दोन्ही बाजूंना पुरावे आहेत. अ‍ॅस्टन व्हिलाने 1980-81 ची इंग्लिश लीग 42 सामन्यांत फक्त 14 खेळाडू वापरून जिंकली. उलट राफा बेनिटेझने लिव्हरपूलमध्ये सलग 99 सामने प्रत्येक वेळी संघ बदलला, आणि त्याच माणसाने 2005 आणि 2007 ला संघ चॅम्पियन्स लीगच्या अंतिम फेरीत नेला. आता बोला!

मला वाटतं, आपण मोजतोय तेच चुकीचं. आपण माणसं मोजतो, जोड्या मोजायला हव्यात. (इंजिनिअर माणूस, गणित येणारच, सहन करा. :-)) अकरा जणांत 55 जोड्या होतात. एक जण बदलला की 10 जोड्या नव्या. तिघे बदलले की जुने आठ उरले, त्यांच्या 28 जोड्या शाबूत आणि 27 नव्या. म्हणजे तीनच माणसं बदलून जवळपास अर्धा संघ अनोळखी झाला! पाच बदलले तर 15 जुन्या, 40 नव्या. बदलीची किंमत येणारा एकटा भरत नाही, आजूबाजूचे सगळे भरतात. आपला डावा बॅक पुढे धावेल की थांबेल, हे स्टॉपरला आता विचार करून ठरवावं लागतं.

पण सगळ्या जोड्या सारख्या महत्त्वाच्या नसतात. गोलकीपर आणि आघाडीवीर यांची ओळख थोडी कमी असली तरी भागतं. दोन स्टॉपर, किंवा बॅक आणि त्याच्या पुढचा विंगर, यांचं जमलंच पाहिजे. म्हणून बदलायचंच तर डावी बाजू अख्खी बदला, अर्धी डावी अर्धी उजवी नको.

हे मला फुटबॉलच्या आधी दशावताराने शिकवलं. माझे मामा बरीच वर्षं एका कंपनीत राजपार्टी करायचे. कार्तिकातल्या जत्रांपासून पावसाच्या तोंडापर्यंत जवळपास रोज रात्री वेगळं गाव, वेगळं देऊळ. हातात लिहिलेली संहिता नाही. आख्यान ठरतं आणि संवाद उभ्या उभ्या होतात. समोरचा स्त्रीपार्टी वाक्य कुठे सोडणार आणि पेटीवाला कुठे सूर धरणार, हे ठाऊक असेल तरच ते जमतं. पावसाळ्यात वेगवेगळ्या कंपन्यांतले कलाकार एकत्र येऊन संयुक्त दशावतार करतात, तोही रंगतो, कारण आख्यान आणि रीत सगळ्यांची एकच. मामांना विचारलं तेव्हा म्हणाले, "माणूस बदललो तर चलता रे, पण जोडी मोडली काय नाटक आडवा पडता."

पिंगुळी म्हटलं की लोकांना ठाकरांची चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्या आठवतात. परशुराम गंगावणे यांना त्याच कलेसाठी 2021 ला पद्मश्री मिळाली. बाहुल्यांचा संघ रोज तोच उतरवला तरी बिघडत नाही. मामांचे गुडघे मात्र आज जिना चढू देत नाहीत.

हे सगळं आत्ता का सुचतंय? कारण टीमचं सपोर्टचं वेळापत्रक करायचं काम या महिन्यात माझ्याकडे आलंय. सहा जण आहोत. त्यातला एक रत्नागिरीचा. पेमेंटचा रात्रीचा जॉब फक्त त्यालाच नीट कळतो, म्हणून फोन त्यालाच जातो. हा आमचा "ठरलेला संघ". कामगिरी उत्तम, तक्रार शून्य. फक्त गेल्या दोन चतुर्थ्यांना तो घरी गेला नाही. कोकणातल्या माणसाने चतुर्थीला घरी न जाणं म्हणजे काय, हे मी लिहून समजावू शकत नाही.

"दर आठवड्याला एक जण, नावं अल्फाबेटिकल" हा सोपा उपाय होता. पण ते माणसं मोजणं झालं. म्हणून आठवडा एकट्याला न देता जोडीला दिलाय. सहा जणांच्या तीन जोड्या, बदल होईल तो जोडीचा. रत्नागिरीकराच्या जोडीला टीममधली सगळ्यात नवी मुलगी. आधी तो चालवेल, ती बघेल. मग ती चालवेल, तो बघेल. नंतर महिन्याच्या मधल्या शांत आठवड्यात ती त्याच्याशिवाय. प्रशिक्षक सोपा सामना बघून पोराला उतरवतात, तसंच.

चतुर्थीला ही जोडी तुटणार, हे मला माहीत आहे. त्या दहा दिवसांत एखाद्या रात्री काहीतरी अडेल, त्याला लागली असती वीस मिनिटं आणि हिला लागतील दोन तास. मॅनेजरला मी तसं आधीच सांगून ठेवलंय. ते म्हणाले, "बघ बुवा." दोन तास परवडतील. तिसरी चतुर्थी नाही परवडणार.

त्याचं तिकीट काढून झालंय. कन्फर्म आहे, जे कोकण रेल्वेत गणपतीच्या दिवसांत पाच राष्ट्रीय विजेतेपदांहून कमी नाही! असो. भेटू पुढच्या वीकेंडला.