झोळीचा पट्टा रुंद करताना

लोंढा, ता. खानापूर
श्रावण

प्रिय सखी,


तुझं पत्र मिळालं. ट्रंकेतली जुनी शबनम काढून बसलीस आणि शेवटी एकच प्रश्न विचारलास: पन्नाशीच्या बाईने ही झोळी खांद्याला लावली तर शोभेल का? इथे पाऊस थांबायचं नाव घेत नाही. कोल्हापुरी चपला कागदात गुंडाळून माळ्यावर ठेवल्या आहेत. तेव्हा या प्रश्नाला नीट उत्तर द्यायला सवड आहे.

झब्बा, शबनम आणि कोल्हापुरी हा पोशाख मराठी मुलुखात रुजला तो साठ-सत्तरच्या दशकांत. तो काळ लघुनियतकालिकांचा आणि युवक क्रांती दलासारख्या संघटनांचा. घरोघरी तेव्हा टेरिलीन आणि टेरिकॉटचा दिमाख होता. इस्त्री न मोडणारा शर्ट ही प्रतिष्ठा होती, आणि नेमक्या त्याच वेळी शिकलेली पोरं जाडंभरडं सुती अंगावर घालून हिंडू लागली. मुलींनी हातमागाची साडी, ठसठशीत कुंकू आणि काळपट चांदीचे दागिने निवडले. आईबापांना ते दळभद्री वाटे. मुलांना मात्र त्यातून सांगायचं होतं की आमच्या अंगावरचं कापड कुणाच्या तरी हाताने विणलेलं आहे. ही लाट बेळगावच्या कॉलेजांत पोचून नव्वदच्या दशकातही टिकली, म्हणूनच ती तुझ्या ट्रंकेत सापडते.

मुलींपुढचा सगळ्यात देखणा आदर्श होता स्मिता पाटील. मुंबई दूरदर्शनवर बातम्या देताना ती जीन्सवरच साडी गुंडाळून कॅमेऱ्यासमोर बसायची. हातमाग आणि मोठं कुंकू यांना तिने जी ऐट दिली ती आजही उतरलेली नाही. पण 13 डिसेंबर 1986 रोजी, वयाच्या 31व्या वर्षी, ती गेली. पिकल्या केसांची, चष्मा लावलेली स्मिता कुणीच पाहिली नाही. तिच्याकडे बघून तरुणपणी नटलेल्या बायकांना पुढच्या वयाचा नमुनाच मिळाला नाही. तुझ्या प्रश्नामागची अडचण मला तीच वाटते.

नमुना शोधायचा तर लोंढ्याच्या फलाटावरूनही सुरुवात करता येते. जानेवारी 1998 मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली. त्याआधी रेल्वेने गोव्याला जायचं तर लोंढा आणि कॅसलरॉक हीच वाट. त्या वाटेच्या टोकाला, गोव्याच्या किनाऱ्यावर जमलेल्या हिप्प्यांनी कोल्हापुरी चप्पल पायात घातली आणि आपापल्या देशी नेली. त्यांच्यातला सगळ्यात नावाजलेला माणूस म्हणजे एट फिंगर एडी. त्याचा जन्म 1924 चा. साठच्या दशकाच्या मध्याला तो गोव्यात आला, तेव्हा त्याने चाळिशी ओलांडलेली होती! हणजुण्याचा बुधवारचा बाजार सुरू करणाऱ्यांत त्याचं नाव घेतलं जातं. 2010 मध्ये तो गोव्यातच वारला. ज्या लाटेला जग पोरांची लाट म्हणतं, तिचा म्होरक्या चाळिशीपारचा होता.

दुसरा नमुना लंडनचा. फॅशन डिझायनर व्हिव्हियन वेस्टवूडने 1971 मध्ये माल्कम मॅक्लारेनबरोबर किंग्ज रोडवर दुकान थाटलं. पंक पोरांचे फाटके, पिना टोचलेले कपडे तिथूनच जगभर गेले. त्या कपड्यांत स्कॉटलंडचं चौकड्यांचं लोकरी कापड असे. पुढे पन्नाशी उलटल्यावर, 1993 च्या ‘अँग्लोमेनिया’ संग्रहात, तिने तेच चौकड्यांचं कापड पुन्हा हातात घेतलं. मात्र या वेळी ते शिंप्याच्या मापात नेटकं बेतलेलं होतं. पिना गेल्या, कापड राहिलं. कमी घ्या, पारखून घ्या, टिकवा, असं ती 2022 मध्ये मरेपर्यंत लोकांना सांगत राहिली.

तुझ्या ट्रंकेलाही हाच हिशेब लावता येतो. कापड आणि कारागीर तसेच ठेवावेत. माप, वजन आणि तळ बदलावा.

आधी पायाचं बघू, कारण वय तिथेच पहिल्यांदा बोलतं. चाळिशीनंतर टाचेखालची चरबीची गादी पातळ होत जाते, कमान थोडी बसते आणि पाऊल रुंदावतं. विशीत दिवसभर मिरवलेली कडक, सपाट कोल्हापुरी पन्नाशीत टाच दुखवते ती यामुळे. दोष चपलेचाही नाही आणि हौसेचाही नाही. खऱ्या कोल्हापुरीचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात, आणि खिळा न मारता ती कातड्याच्या वादीने शिवतात. त्यामुळे मापात फेरफार करणं कारागिराला जमतं. पट्टा रुंद, अंगठा जरा सैल, आत मऊ थर आणि खाली पातळ रबराचा तळ एवढं सांगून करून घ्यावं. नवी चप्पल चावू नये म्हणून आठवडाभर तेल लावून मुरवावी. मधुमेहाने पायांची संवेदना कमी झाली असेल तर मात्र हट्ट करू नये. अंगठ्याजवळची लहानशी जखमही अशा पायात चिघळते. अशा माणसाने बंद, मऊ पादत्राणच घालावं आणि हौस खणात, साडीत पुरवावी.

झोळीचं दुखणं खांद्याचं आहे. एका खांद्यावर अरुंद पट्टा आणि आत पुस्तकं, डबा, छत्री, पाण्याची बाटली! विशीत हे ओझं कळत नाही, पन्नाशीत मान अवघडते. पट्टा चार बोटं रुंद करून तो गळ्यातून तिरपा घ्यावा, तोंडाला चेन लावावी, आत चष्म्यासाठी वेगळा कप्पा शिवावा. बाहेरून पाहणाऱ्याला ती शबनमच दिसेल.

ढगळ झब्ब्याऐवजी खणाचं जाकीट करून बघ. गुळेदगुड्डचा खण पन्ह्याला अरुंद असल्यामुळे दोन पट्ट्या जोडाव्या लागतात. हुशार शिंपी काठ समोर उभा आणतो, आणि तो काठच जाकिटाची शोभा होतो. खाली साधा सुती कुर्ता पुरे. इरकल साडीची तर गंमतच आहे. अंग सुती आणि पदर रेशमी, असे वेगवेगळे ताणे कोंडी घालून एकमेकांत गुंतवलेले असतात. पिकल्या केसांवर तिचा लाल-पांढरा पदर काळ्या केसांपेक्षा जास्त उठून दिसतो, हे माझं ठाम मत आहे. दागिने मात्र आता निवडक हवेत. वयाने कानाची पाळी सैल होते, जड झुमक्यांनी भोक ओघळतं. बाजारी काळपट ढीग काढून टाकावा आणि खऱ्या चांदीची एकच हलकी वस्तू ठेवावी.

आता पैशाचं. विशीत घासाघीस करून घेतलेल्या वस्तूची खरी किंमत पन्नाशीत देता येते, आणि ती द्यायलाच हवी. 2019 मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं. त्यात महाराष्ट्राचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकाचे बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर असे आठ जिल्हे आहेत. निपाणी-अथणीच्या कारागिरांचा हक्क त्याने कागदावर आला. तरीही जून 2025 मध्ये मिलानच्या मंचावर प्राडा या फॅशन कंपनीने तशाच चपला दाखवल्या, तेव्हा कोल्हापूरचा किंवा बेळगावचा उल्लेख नव्हता. गदारोळ झाल्यावर कंपनीने मूळ भारतीय कारागिरीचं असल्याचं मान्य केलं आणि वर्षअखेरीस दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार केला. हा वाद सीमेच्या दोन्ही अंगांच्या कारागिरांना सारखाच लागू होता. कातड्याला राज्याची हद्द कळत नाही.

कापड घेतानाही डोळे उघडे ठेवावेत. बेळगावच्या शहापूर-वडगावात यंत्रमागांचा खडखडाट ऐकत वाढलेल्या आपल्याला हातमाग आणि यंत्रमाग यांतला फरक कळायला हवा. यंत्रमागाचं कापड वाईट नसतं, पण हातमाग म्हणून त्याची किंमत देऊ नये. 2006 पासून मिळणारी ‘हँडलूम मार्क’ची चिठ्ठी बघून घ्यावी.

तेव्हा उत्तर असं: शोभेल. विशीत ही झोळी चार मैत्रिणींकडे होती म्हणून घेतली जायची. आता ती कुणी विणली, कुणी शिवली हे जाणून घेता येते, आणि असा पोशाख वयाबरोबर अंगाला अधिक बसत जातो.

एक काम कर. संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असतात तेव्हा, दोन्ही पावलं कोऱ्या कागदावर ठेवून पेन्सिलीने त्यांची रेघ काढ. दोन्ही काढ, कारण सहसा एक पाऊल दुसऱ्यापेक्षा मोठं असतं. कागद या पत्राच्या उत्तरासोबत पाठव. पाऊस सरला की तो घेऊन मी निपाणीला जाईन. दिवाळीला इकडे येशील तेव्हा तुझ्या मापाची जोडी तयार असेल.

तुझी,
लोंढ्याची मैत्रीण