परका छर्रा

जेवताना दाताखाली काही कडक आलं तर आमच्या खोलीत कुणी तोंड वाकडं करत नसे. तो खडा नसायचा, छर्रा असायचा. जिभेनं हळूच पुढे आणून तो ताटाच्या कडेला ठेवायचा आणि जेवणं उरकली की आत्याच्या हातावर द्यायचा. आत्या तो धुऊन, पदराला पुसून कुंकवाच्या रिकाम्या डबीत टाकायची. ते शिसं गावी परत जायचं असे.

आम्ही सख्खी, चुलत, आत्ये मिळून अकरा भावंडं. करी रोडच्या चाळीत दहा बाय बाराची खोली, वर पोटमाळा, बाहेर सामाईक गॅलरी. घरातले तिघे गिरणीत आणि तिघांच्या पाळ्या वेगळ्या, त्यामुळे एकाची वळकटी गुंडाळायच्या आत दुसरा तिच्यावर आडवा व्हायचा. गाव खटाव तालुक्यात, मायणीच्या बाजूला. पाऊस जेमतेम, पण हिवाळ्यात आसपासच्या तळ्यांवर पाखरं उतरायची. थापट्या, चक्रांग, तलवार बदक, आणि थंडी वाढली की मोठी राखी कादंबं, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेली. पुस्तकात त्यांना पट्टकादंब म्हणतात हे आम्हाला फार उशिरा कळलं.

आबांकडे ठासणीची बंदूक होती. परवाना पिकाच्या राखणीचा. पाखरांसाठी वेगळा परवाना लागतो हे त्यांना ठाऊक होतं की नाही, आम्ही कधी विचारलं नाही, आणि आज विचारायला कुणी उरलेलं नाही. हिवाळ्यात दोन-तीनदा रात्रीच्या एसटीनं गावचा कुणी मुंबईला निघाला की त्याच्या हाती ॲल्युमिनियमचा डबा यायचा. आत तिखटात परतलेलं सुकं. आजी माळकरी, तिच्या चुलीवर असलं काही चढत नसे. गोठ्यामागे तीन दगड मांडून आबा स्वतः शिजवायचे. वारकरी नावाचं एक काळं पाणपाखरू असतं, कपाळावर पांढराशुभ्र टिळा. ते मात्र डब्यात कधीच नसायचं. गंध लावलेल्यावर बार टाकलास तर मी उंबऱ्याच्या आत घेणार नाही, असं आजीनं लग्नानंतर पहिल्याच हिवाळ्यात आबांना सांगितलं होतं म्हणे.

डबा परत जाताना रिकामा जात नसे. त्यात छर्ऱ्यांची डबी असायची आणि सुताची गुंतवळ. आमचे तात्या साचेखात्यात होते, तिथे हात पुसायला मिळणारी गुंतवळ ते थोडी थोडी साठवायचे. ठासणीच्या नळीत आधी दारू, तिच्यावर गुंतवळीचा बोळा, तो गजानं ठासायचा, मग छर्रे, वर पुन्हा बोळा. शेवटी टोपी. म्हणजे आबांच्या प्रत्येक बारात करी रोडचं सूत असायचं, याचा आम्हाला केवढा अभिमान! एवढं सगळं भरायला दोन मिनिटं तरी लागत, तोवर तळं मोकळं झालेलं असे. त्यामुळे बार एकच. तो चुकला तर त्या सकाळी घरी भाकरी आणि चटणी.

सुट्टीत गावी गेलो की आबा आम्हाला पहाटे तळ्यावर न्यायचे, पण दोघांनाच आणि तेही आळीपाळीनं. तिथे त्यांचे कायदे होते. ते त्यांनी कधी सांगितले नाहीत, आम्ही बघून शिकलो. काठावरच्या एका खुणेच्या दगडापलीकडे पाखरू असेल तर बंदूक उचलायची नाही, कारण तिथवर छर्रे पोचतात पण मारत नाहीत, नुसते जखमी करतात. चक्रवाकांची जोडी दिसली तर मान वळवायची. आणि पाखरू पडलं की ते हातात येईपर्यंत नळी दुसऱ्यांदा भरायची नाही. एकदा एक जखमी थापट्या पाणकणसात शिरला. आबा कमरेएवढ्या गार पाण्यात उन्हं वर येईस्तोवर त्याला शोधत राहिले. आमच्यातल्या एकानं काठावरून ओरडून सांगितलं, आबा, दुसरी बसलीत बघा जवळच. आबांनी वळूनही पाहिलं नाही. थापट्या सापडला तेव्हा त्यांचे ओठ निळे पडले होते.

पुढे आमच्यातला एकजण वाचनालयातून भरतपूरची हकिगत वाचून आला. १२ नोव्हेंबर १९३८ या एकाच दिवशी व्हाइसरॉय लिनलिथगो आणि त्यांच्या पाहुण्यांनी तिथे ४,२७३ पाखरं पाडली. रात्री गॅलरीत त्यावर मोठा वाद झाला. साहेबांच्या शिकारीतही सचोटीचे नियम होते: बसलेल्या पाखरावर गोळी झाडणं हलकं, उडत्यालाच टिपायचं, त्याला निसटायची संधी द्यायची. नियम म्हणून तो चांगलाच. पण आबा बसलेल्यावरच बार टाकत. ठासणीनं उडतं पाखरू टिपणं त्यांना परवडणारं नव्हतं. साहेबाच्या फूटपट्टीनं आमचे आबा हलके ठरले असते. तात्या पाळीवर निघाले होते, चपला घालता घालता एवढंच म्हणाले, ‘‘चार हजारातलं जखमी हुडकायला कोन गेलं असंल रं?’’ हिवाळ्याभरात डझनभर पाखरं मारणारा माणूस आणि दिवसात चार हजार मारणारी मंडळी, यांतली न्याय्य शिकार कुणाची हे ठरवायला आम्हाला तेव्हापासून दुसरं काही लागलेलं नाही.

मग १९७२ आलं. त्या वर्षी शिकारीवर बंधनं घालणारा वन्यजीव संरक्षण कायदा झाला, पण आमच्या घरात ते वर्ष दुष्काळाचं म्हणूनच राहिलं. गावात सगळी खडी फोडायला, सुकडी आणि तांबडी मिलो खायला. करी रोडवरून दर महिन्याला मनिऑर्डर जायची आणि आमच्या खोलीत दूध बंद झालं होतं. त्या हिवाळ्यात तळ्याचं डबकं उरलं, परड्याएवढं. आसपासच्या गावांचं पाणी आटलेलं, त्यामुळे होती नव्हती ती सगळी पाखरं त्या डबक्यात दाटीनं बसलेली. आत्या सांगायची, डोळे मिटून बार टाकला असता तरी पाच-सहा पडली असती. घरात लहान पोरं मिलोची भाकरी बघून रडत होती. आबा एका पहाटे बंदूक न घेता डबक्यावर जाऊन बसले आणि तसेच परत आले. नंतर धाकट्या काकांनी बंदूक काढली तेव्हा आबांनी ती त्यांच्या हातातून घेतली.

‘‘त्यास्नी उठून जायाला दुसरं पानी न्हाय. मग ती शिकार कसली?’’

पुढे दुसऱ्या कुणी तिथे बार काढले, पाखरं मेलीही. आबांनी त्याबद्दल कुणाशी भांडण केलं नाही. त्या वर्षी आमच्याकडे डबा आला नाही, एवढंच.

१९७२च्या त्या कायद्याचा मूळ मसुदा आमच्यातल्या वकील झालेल्या बहिणीनं पुढे वाचून दाखवला. परवान्यानं शिकार तेव्हा चालत होती, तिला अटी होत्या. मोटारीतून नाही, विष नाही, जाळं नाही. पाणवठ्यावर दबा धरून मारायलाही मनाई होती, अपवाद फक्त पखुर्ड्यांचा आणि पाणपक्ष्यांचा. बरोबरच आहे, पाणपाखरू पाण्यावर नाही तर कुठे भेटणार? पण आबांनी त्या अपवादाच्याही आत आपली रेघ ओढली होती. १९९१च्या दुरुस्तीनं परवान्याची शिकारच संपली. ती संपली हे चांगलं झालं, असं आम्हा अकराही जणांना वाटतं.

आमची स्वतःची शिकार मात्र शिवडीची. शाळेला दांडी मारून आम्ही चौघे बेचक्या घेऊन लालबाग, काळाचौकी करत शिवडी बंदरावर जायचो. तेव्हा तिथे रोहित येत नसत, ते लोकांना दिसू लागले नव्वदच्या दशकात. ओहोटीला चिखल उघडा पडला की त्यावर तुतवार, बगळे, असली बारकी पाखरं. एके दिवशी एका तुतवाराला खडा लागला. ते फडफडत चिखलात लांब गेलं आणि बसलं. आम्ही नाचत घरी आलो.

तात्या रात्रपाळी करून झोपले होते. कुजबुज कानावर पडली तसे उठले. चहासुद्धा घेतला नाही. ‘‘कुटं सोडलंसा? दावा.’’ पुन्हा काळाचौकी, पुन्हा शिवडी, या वेळी एकही शब्द न बोलता. भरती लागायला सुरुवात झाली होती. तात्या पॅण्ट वर सारून चिखलात उतरले आणि आम्हालाही उतरवलं. गुडघ्याच्या वर गाळ, काळा, तेलकट वासाचा. पाणी पिंढऱ्यांना लागायला लागलं तेव्हा धाकटा रडू लागला. तात्यांनी त्याला खांद्यावर घेतलं, पण परत फिरले नाहीत. पाखरू सापडलं ते एका तुटक्या फळीला टेकून बसलेलं. पंख लोंबत होता. तात्यांनी ते ओंजळीत धरलं, आमच्याकडे पाठ केली आणि त्याची मान मुरगळली. मग प्रत्येकाच्या हातावर एकेकदा ठेवलं. किती हलकं होतं ते! पोस्टकार्डाएवढं.

बेचक्या त्यांनी मोडल्या नाहीत. चिखल पुसून परत दिल्या. आम्हीच त्या पुढे कधी उचलल्या नाहीत.

१८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला. गुंतवळ संपली, मग पाळ्या संपल्या, मग एकेक जण गावी परतला. तात्या गेले तेव्हा आबा थकले होते. बंदूक पोलिस ठाण्यात जमा झाली होती आणि तळ्यावर कुणीच जात नव्हतं, मारायलाही आणि बघायलाही.

परवा खोली रिकामी केली. चाळ पाडून तिथे टॉवर होतोय. पोटमाळ्यावरून पितळी घंगाळ, आत्याची शिलाई मशीन आणि तिच्या खणात ती कुंकवाची डबी निघाली. आत एकच छर्रा होता. तो आम्ही सगळ्यांनी लगेच ओळखला.

तो सापडला होता एका कादंबाच्या मांसात. आबा आपले छर्रे स्वतः शिसं वितळवून ओतायचे, कुणाला शेपूट, कुणाला खड्डा. हा मात्र अगदी गोल, कारखान्यातला. त्याच्याभोवती मांसाची गाठ झाली होती, आत्याला ती सुरीनं कापावी लागली. नेहमीप्रमाणे तो डबीतून गावी गेला, आणि पुढच्या डब्याबरोबर कागदाच्या पुडीत परत आला. निरोप आणणाऱ्या माणसानं आबांचे शब्द सांगितले: हा आपला न्हवं, ह्यो कुनीतरी आधीच मारून सोडल्याला हाय. ही पाखरं हिमालयावरून येतात, मंगोलियापर्यंत जातात, हे आता आम्हाला माहीत आहे. कुणाचा तरी तो छर्रा अंगात घेऊन ते कादंब तेवढं उडत राहिलं होतं. किती हिवाळे, कोण जाणे. आबांनी त्या वर्षी पुन्हा बंदूक काढली नाही.

घंगाळ बदलापूरला गेलं, मशीन विरारला. डबी कुणी मागितली नाही आणि कुणी टाकूही दिली नाही. शेवटी धाकट्यानं ती खिशात घातली, तोच, भरतीच्या वेळी तात्यांच्या खांद्यावर बसलेला. तो आता शिवडीजवळच राहतो. त्याच्या खिडकीतून अटल सेतू दिसतो आणि ओहोटी असली तर चिखलही.