मिरज ते लातूर : पाण्याच्या वाटेने

मिरजेहून लातूरची गाडी धरली की कृष्णाकाठची हिरवळ फार वेळ सोबत करत नाही. कवठेमहांकाळ मागे पडले की बाभळी आणि उघडे माळ सुरू होतात. सांगोला, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, धाराशिव करत गाडी लातूरला लागते. पूर्वी ही बार्शी लाईटची अरुंद रुळांची गाडी होती. १९११ साली ती लातूरला पोचली आणि १९२७ साली मिरजेला. त्याच १९२७ च्या २० मार्चला बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, हे आपल्या घरातले लेकरूही सांगेल.

या वाटेने एप्रिल २०१६ मध्ये पाण्याची गाडी गेली. 'जलदूत' म्हणत तिला. राजस्थानातल्या कोट्याहून धुऊन आणलेल्या टाक्यांच्या वाघिणी मिरजेत कृष्णेच्या पाण्याने भरल्या. पहिली गाडी दहा वाघिणींची, सुमारे पाच लाख लिटरची. १२ एप्रिलला ती लातूरला पोचली. पुढे पन्नास वाघिणींच्या गाड्या लागल्या, खेपेला पंचवीस लाख लिटर.

आकडा मोठा वाटतो खरा, पण वाचकहो, जरा भागाकार करा. २०११ च्या जनगणनेत लातूर शहराची वस्ती ३ लाख ८२ हजार. म्हणजे एका खेपेचे माणशी साडेसहा लिटर. जुन्या संडासाची टाकी एकदा ओढली की दहा लिटर जातात! टँकरही फिरत होते, पण पिणे, रांधणे, लेकराची दुपटी, बायांची महिन्याची अडचण, म्हाताऱ्याची आंघोळ हे सारे हंड्या-कळशीच्या हिशेबात बसवायचे होते. तो हिशेब घरोघरी बाईनेच केला. दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाऊनला २०१८ साली माणशी ५० लिटरची मर्यादा घातली, तर जगभर बोभाटा झाला.

लातूरला पाणी येते ते मांजरा धरणातून. धरण बीड जिल्ह्यात, केज तालुक्यात धनेगावला. लागोपाठ पाऊस हुकला आणि ते आटले. दोष पावसाचा आहेच, पण सगळा त्याचा नाही. ऊस वर्षभर आणि त्याहून जास्त शेतात उभा राहतो नि तितके दिवस पाणी पितो. राज्याच्या लागवडीत त्याचा वाटा थोडा, सिंचनाच्या पाण्यात मात्र निम्म्याहून अधिक. ज्याच्याजवळ पैसा त्याचे बोअर खोल गेले. शेजारच्या गरिबाचा आड कोरडा पडला. मजुरी करणाऱ्याला ना ऊस, ना बोअर. त्याच्या वाट्याला टँकरची रांग.

त्याच मार्चमध्ये लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती १४४ कलम लावले होते. पाच माणसांनी जमायचे नाही. महाडला तळे भरलेले होते आणि आपल्याला मज्जाव होता. इथे टाकी सर्वांना मोकळी, पण पाणी संपलेले. ज्याला विकत घेणे परवडले त्याचे भागले. संयुक्त राष्ट्रांनी २८ जुलै २०१० रोजी पाणी आणि स्वच्छता हा माणसाचा हक्क म्हणून ठराव केला, तो लातूरच्या रांगेत उभ्या असलेल्या बाईला कोणी सांगितला असेल?

२०१६ चा पावसाळा चांगला झाला, मांजरा भरले, गाडी थांबली. ठिबक लावणारे काही शेतकरी आहेत, त्यांचे कौतुकच करायला हवे. पण धरणात पाणी दिसताच पुढच्या हंगामांत मराठवाड्यात उसाचे रान पुन्हा वाढले.