कारिनबाईंचे घर

स्वीडन हा युरोपच्या उत्तरेकडील देश. तेथील हिवाळा दीर्घ आणि कठीण असतो. डिसेंबर महिन्यात देशाच्या मध्यभागीदेखील सूर्य जेमतेम पाच-सहा तास दर्शन देतो. उरलेला सारा वेळ काळोख. अशा देशात माणसाचे निम्मे आयुष्य घरातच जाते. म्हणून घर आतून कसे असावे, हा प्रश्न तेथे केवळ हौसेचा राहत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथील सुखवस्तू लोकांनी या प्रश्नाचे एकच ठरीव उत्तर स्वीकारले होते. गडद तपकिरी रंगाचे अवजड सामान, खिडक्यांवर जाडजूड पडदे आणि पाहुण्यांसाठी राखून ठेवलेला दिवाणखाना. जे एकाच्या घरी, तेच दुसऱ्याच्या घरी. घर कोणाचे आहे, हे भिंतींकडे पाहून कळणे कठीण होते.

१८८८ साली फालून शहराजवळील सुंदबोर्न या खेड्यात नदीकाठचे एक लहानसे लाकडी घर कार्ल आणि कारिन लार्सन या दांपत्याला मिळाले. ते कारिनबाईंच्या वडिलांनी दिले होते. दोघेही पतिपत्नी चित्रकार. कार्ल यांचे बालपण स्टॉकहोम शहरात अत्यंत दारिद्र्यात गेले होते. कारिनबाईंनी त्याच शहरातील कला-अकादमीत शिक्षण घेतले होते. फ्रान्समध्ये चित्रे काढीत असता दोघांची मैत्री जुळली आणि १८८३ साली विवाह झाला. पुढे मुलेबाळे झाली, संसार वाढला आणि कारिनबाईंचे चित्रे काढणे मागे पडले. कष्टाने मिळविलेली विद्या अशी बाजूला ठेवावी लागणे, हे दुःख लहान नव्हे.

परंतु कुंचला खाली ठेवला, म्हणून रंगांची ओढ थोडीच सुटते? कारिनबाईंनी घरालाच आपले चित्र मानले. त्यांनी आणि कार्ल यांनी मिळून जेवणाच्या खोलीत चक्क लाल आणि हिरवा रंग दिला. जुन्या लाकडी सामानाला रंगाचा नवा हात फिरला. जाड पडद्यांना रजा मिळाली आणि खिडक्यांत फुलझाडांच्या कुंड्या आल्या. उशांचे अभ्रे, पडदे, भिंतीवर टांगावयाची वस्त्रे कारिनबाई स्वतः विणीत व भरीत. त्यांतील आकृती त्यांच्याच कल्पनेतून उतरत. एकदा त्यांनी एका झुलत्या खुर्चीचा नमुना तयार केला. ती घडविताना गावच्या सुताराला ती फारच विचित्र वाटली, असे सांगतात. लोकांना ते चमत्कारिक वाटले, तरी कारिनबाईंनी आपली आवड सोडली नाही.

मात्र वेगळेपणासाठी वेगळेपणा, असा त्यांचा हट्ट नव्हता. घराच्या बाहेरील फळ्यांना त्या मुलखातील इतर घरांप्रमाणेच तांबडा रंग होता. फालूनच्या तांब्याच्या खाणीतून निघणारी लोहयुक्त माती भाजून तो रंग करीत. ती खाण १९९२ साली बंद झाली, तरी तो रंग अजून होतो. आपल्याकडे ज्या गेरूने तुळशीवृंदावन रंगवितात, त्याच्या आणि या रंगाच्या तांबडेपणाचे मूळ एकच, ते म्हणजे लोह. मातीतून आलेला रंग सर्वांचा असतो; तो लावण्यात कमीपणा नाही.

एका उन्हाळ्यात पावसाची झड लागली. बाहेर बसून चित्रे काढता येईनात, म्हणून कार्ल बेचैन झाले. तेव्हा घराच्या आतलीच चित्रे काढण्याचे कारिनबाईंनी सुचविले. त्या चित्रांचे ‘एक घर’ या अर्थाच्या नावाचे पुस्तक १८९९ साली निघाले आणि कार्ल लार्सन हे नाव दूरवर पोहोचले. चित्रांवर सही कार्ल यांची होती; पण त्यांतील कितीतरी पडदे, अभ्रे आणि फुले कारिनबाईंच्या हातची होती. ही गोष्ट लोकांच्या ध्यानी यावयास पुष्कळ वर्षे लागली. १९९७ साली लंडनमधील एका मोठ्या संग्रहालयात प्रदर्शन भरले, तेव्हा त्याच्या नावात दोघांचीही नावे होती.

पुढे गंमत अशी झाली, की त्या घराची नक्कल करण्याचीच रीत पडली. पण कारिनबाईंचा लाल आणि हिरवा रंग उचलला, म्हणजे कारिनबाईंचे घर होत नाही. या घरात कोण राहतात, त्यांना काय आवडते, हे आधी स्वतःला विचारावे लागते. एखाद्या मुलाला आपल्या अभ्यासाच्या कोपऱ्यात निळा रंग हवासा वाटेल, एखादीला आजीच्या जुन्या लुगड्याचा हिरवा पडदा. तो कोपरा लहान असेल, कदाचित कोणी हसेलही. परंतु तेथे बसणाऱ्याला तो आपला वाटेल, आणि काळोख्या दिवसांत घराने माणसाला द्यावयाचे असते, ते हेच.