डोंगरावरचा निरोप्या

कोणाला पोस्टाची तिकिटे जमवण्याचा छंद असतो, कोणाला फुलझाडांचा, तर कोणाला जुन्या नाण्यांचा. हे छंद घराच्या चार भिंतींत किंवा फार तर अंगणात मावतात. माझा छंद मात्र घरापासून अठरा किलोमीटरांवर, एका डोंगराच्या माथ्यावर, पत्र्याच्या छपराखाली एका लोखंडी पेटीत राहतो. त्याला भेटावयाचे म्हणजे आधी एस.टी.ने पायथ्याचे गाव गाठावयाचे आणि मग पाठीवर ओझे घेऊन दोन तास चढावयाचे. घरची माणसे म्हणतात, “लोक देवाला जातात, हा पेटीला जातो.” त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नाही.

ही पेटी म्हणजे हौशी बिनतारीवाल्यांचा पुनःक्षेपक होय. इंग्रजी नावाने आम्ही त्याला ‘रिपीटर’ म्हणतो. हौशी बिनतारी म्हणजे काय, हे आधी सांगावयास हवे. आकाशवाणीचा कार्यक्रम आपण केवळ ऐकतो. त्यावर उत्तर देऊ शकत नाही. हौशी बिनतारीवाला ऐकतो आणि बोलतोही. त्यासाठी सरकारची परीक्षा देऊन परवाना मिळवावा लागतो. १९७८ च्या नियमांनी या परवान्यासाठी किमान वय बाराच वर्षांचे ठरवले होते. म्हणजे हा छंद काही केवळ थोरामोठ्यांचा नव्हे. परवाना मिळाला की प्रत्येकास एक संकेतनाम मिळते. भारतातील अशी नावे बहुधा ‘व्ही. यू.’ या अक्षरांनी सुरू होतात. जगात त्या नावाचा दुसरा कोणीही नसतो.

या छंदाचे काही कडक नियम आहेत. येथे पैशासाठी बोलावयाचे नाही, गुप्त भाषेत बोलावयाचे नाही आणि कोणाचे बोलणे चालू असताना मध्ये तोंड घालावयाचे नाही. आधी ऐकावे आणि मग बोलावे, हा येथला पहिला धडा. घरीदारी हा धडा आपण कितीदा विसरतो!

आता पेटी डोंगरावरच का, हे पाहू. आमच्या हातात मावणारे बिनतारी यंत्र सुमारे १४५ मेगाहर्ट्‌झच्या लहरींवर चालते. अशा एका लहरीची लांबी जवळजवळ दोन मीटर भरते. या लहरी प्रकाशासारख्या बव्हंशी सरळ जातात. वाटेत डोंगर आला की त्यांची वाट अडते आणि पृथ्वीच्या गोलाईपुढे त्यांचे फारसे चालत नाही. माणसाच्या उंचीवर धरलेल्या यंत्राचे क्षितिज सपाट प्रदेशात जेमतेम पाच किलोमीटरांवर संपते. तेच यंत्र ६०० मीटर उंचीच्या माथ्यावर नेले, तर त्याचे क्षितिज सुमारे १०० किलोमीटर दूर जाते. पाच वॉटच्या यंत्रातून निघालेला क्षीण आवाज समोरच्या खोऱ्यात उतरू शकत नाही. पण डोंगरमाथा तो सहज गाठतो. माथ्यावर कोणी तो ऐकून पुन्हा मोठ्याने उच्चारला, तर अलीकडचे आणि पलीकडचे अशी दोन्ही खोरी एकमेकांशी बोलू लागतात. हे ‘पुन्हा मोठ्याने उच्चारणे’ म्हणजेच पुनःक्षेपकाचे काम.

ही कल्पना आपल्या मुलखाला नवी नाही. १६६० साली घोडखिंड झुंजवीत असता बाजीप्रभू विशाळगडावरच्या तोफांच्या बारांची वाट पाहत होते, ही कथा तुम्ही ऐकलीच आहे. महाराज गडावर पोहोचले, एवढा एक निरोप त्या तोफांनी डोंगरावरून खिंडीपर्यंत पोहोचवावयाचा होता. जुने जासूदही टप्प्याटप्प्याने धावत. एक थकला की थैली दुसऱ्याच्या हाती जाई. उंच जागा आणि विश्वासू निरोप्या या दोन गोष्टींवाचून दूरचा निरोप कधी पोहोचला नाही.

आमच्या निरोप्याचे काम मात्र वाटते तितके सोपे नाही. ज्या क्षणी तो ऐकतो, त्याच क्षणी त्याला बोलावेही लागते. गणेशोत्सवाच्या मिरवणुकीत ढोल बडवणाऱ्या गड्याला त्याच वेळी शेजाऱ्याची कुजबूज ऐकण्यास सांगितले, तर त्याची काय अवस्था होईल? पेटीच्या कानी पडणारा संदेश एका व्होल्टच्या दहा लाखाव्या भागाहूनही क्षीण असू शकतो आणि तिचे स्वतःचे बोलणे पंचवीस वॉटचे असते. म्हणून ऐकण्याची आणि बोलण्याची कंपनसंख्या वेगवेगळी ठेवतात. या दोहोंत अंतर असते अवघे ६०० किलोहर्ट्‌झ. एवढ्याशा अंतराने आपला आवाज आपल्याच कानात शिरण्याचे थांबत नाही. म्हणून अँटेना आणि यंत्र यांच्यामध्ये धातूची सहा नळकांडी बसवलेली आहेत. ही नळकांडी पोकळ असून सुमारे अर्धा मीटर उंचीची आहेत. तीन नळकांडी ऐकण्याच्या वाटेवर पहारा करतात आणि तीन बोलण्याच्या वाटेवर. प्रत्येकाच्या माथ्यावर एक दांडी असते. ती केसभर आत-बाहेर केली की नळकांडे नेमकी हवी ती लहर जाऊ देते आणि नको ती अडवते. तंबोऱ्याची खुंटी पिळून सूर लावावा, तसेच हे काम आहे. सूर लागला की मापकाचा काटा स्थिर होतो आणि मनही.

ही पेटी बांधण्यास आम्हां पाच जणांना दीड वर्ष लागले. आमच्यातील वडील मंडळी म्हणजे एक निवृत्त तारमास्तर. आम्ही त्यांना ‘काका’ म्हणत असू. जुन्या बाजारातून त्यांनी टॅक्सीवाल्यांची टाकून दिलेली दोन बिनतारी यंत्रे आणली. त्यांतील एकाचा कान केला आणि दुसऱ्याचे तोंड. नळकांडी गावच्या तांबटाने तांब्याच्या पत्र्याची घडवून दिली. “मास्तर, यात पाणी तापवायचं की धान्य ठेवायचं?” असे त्याने विचारले, तेव्हा काका म्हणाले, “यात लोकांचं बोलणं गाळायचं.” तांबटाने आमच्याकडे जरा निरखून पाहिले, पण काम चोख केले.

सरकारची परवानगी आली, तसे सारे सामान आम्ही डोक्याखांद्यांवरून माथ्यावर नेले. सर्वांत जड होत्या त्या बॅटऱ्या. पायथ्याच्या गावचे चार तरुण मदतीस आले. त्यांनी मजुरी घेतली नाही. “पेटी बोलायला लागली की आम्हांला ऐकवा,” एवढेच मागितले.

बांधणे हा उत्साहाचा भाग. सांभाळणे हा निष्ठेचा. सह्याद्रीचा पाऊस ज्याने पाहिला आहे, त्यास हे निराळे सांगणे नको. चार महिने माथा ढगांत बुडालेला असतो. केबलच्या जोडातून पाण्याचा एक थेंब आत गेला, तरी यंत्र हळूहळू बहिरे होते. म्हणून दर मे महिन्यात आम्ही प्रत्येक जोड उघडतो, पुसतो आणि पुन्हा रबरी पट्टीने घट्ट गुंडाळतो. विजेला जमिनीत जाण्याची वाट मिळावी म्हणून कोळसा व मीठ घालून तांब्याची पट्टी पुरलेली आहे; त्या खड्ड्यात पाणी ओतावयाचे असते. बॅटऱ्यांच्या टोकांवर साचलेला पांढुरका क्षार घासून त्यांस व्हॅसलीन लावावयाचे आणि त्यांत ऊर्ध्वपातित पाण्याची भर घालावयाची. सूर्याच्या उजेडावर वीज करणारे फलक धुवावयाचे. शिवाय आमचे पाहुणे असतातच. गांधीलमाश्या पेटीच्या कोपऱ्यात घरटे करतात, उंदीर तारा कुरतडतात आणि वानरांना अँटेनेचा खांब झोके घेण्यासाठीच उभारला आहे असे वाटते.

दुसरी फेरी दसऱ्याच्या सुमारास होते. खंडेनवमीला आम्ही पाना, पक्कड, सोल्डरिंग आयर्न आणि मापक पेटीपुढे मांडून त्यांवर झेंडूची फुले वाहतो. “एवढे श्रम कशासाठी?” असे मला पुष्कळ जण विचारतात. “हल्ली प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे. तुमच्या पेटीवाचून कोणाचे अडते?” प्रश्न रास्त आहे. वर्षातील तीनशे साठ दिवस खरोखरच कोणाचे काही अडत नाही. पण मोबाइलचे मनोरेही वीज आणि तारा यांवरच उभे असतात. पूर, वादळ किंवा भूकंप आला की पुष्कळदा तेच आधी कोसळतात. आणि जे उभे राहतात, त्यांच्यावर एकाच वेळी हजारो लोक धाव घेतात.

२००४ च्या डिसेंबरात भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली हौशी बिनतारीवाल्यांचे एक पथक अंदमानात छंदासाठीच गेले होते. २६ डिसेंबरला त्सुनामी आली. बेटांचा मुख्य भूमीशी संपर्क तुटला. तेव्हा याच मंडळींनी आपला कार्यक्रम बाजूस ठेवला आणि माणसांच्या खुशालीचे निरोप पोहोचवले. एवढ्या दूरच्या बोलण्यासाठी त्यांनी निराळ्या, लांब लहरी वापरल्या. त्या लहरी आकाशातील विद्युतभारित थरांवरून परावर्तित होऊन येतात; त्यांना डोंगराची गरज नसते. पण खोऱ्याखोऱ्यांतल्या जवळच्या बोलण्याला आमच्या पेटीसारखा निरोप्याच लागतो.

याची प्रचीती आम्हांस पुढल्याच वर्षी आली. २००५ च्या जुलै महिन्यात महाराष्ट्रात अतिवृष्टीने हाहाकार उडवला. २६ जुलैला मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. आमच्या भागातही नदीने पूल गिळला, वीज गेली आणि दूरध्वनी मुके झाले. पलीकडून येणारी संध्याकाळची एस.टी. आली नाही. पुलाच्या अलीकडे तिची वाट पाहणारी माणसे एस.टी. स्थानकात जमली. गाडी वाहून गेली, अशी वार्ता कोणीतरी उठवली आणि रडारड सुरू झाली.

मी घरी कंदिलाच्या उजेडात यंत्र कानाशी धरून बसलो होतो. रात्री नऊच्या सुमारास पलीकडच्या खोऱ्यातील आमचे एक शिक्षकमित्र पेटीवरून बोलले. गाडी पुलापाशी येण्यापूर्वीच चालकाने थांबवली होती आणि सारे प्रवासी गावच्या देवळात सुखरूप होते. “नावे सांगतो, लिहून घ्या,” ते म्हणाले. त्या रात्री पेटी केवळ बॅटऱ्यांवर चालत होती. ऐकत राहण्यास वीज थोडी लागते, बोलण्यास पुष्कळ. म्हणून आम्ही सर्वांनी मौन पाळले आणि एकट्या गुरुजींनी एकेक नाव संथपणे, वडिलांच्या नावासह आणि गावासह सांगितले. पावसाच्या माऱ्यात मध्येच खरखर होई. मग ते नाव पुन्हा येई. सदतीस नावे झाली. मी वही मिटणार, इतक्यात आवाज आला, “थांबा. आणखी एक आहे. सहा महिन्यांची मुलगी. तिकीट नसल्याने यादीत नव्हती. आईच्या मांडीवर झोपली आहे.”

ती अडतीस नावे मी स्थानकात जाऊन वाचली. प्रत्येक नावासरशी गर्दीतून एक हुंकार उठे. अखेरच्या, नाव नसलेल्या त्या नोंदीला एक म्हातारी भिंतीला टेकून मटकन खाली बसली आणि दोन्ही हात जोडून हसू लागली. मे महिन्यात घासलेल्या त्या बॅटऱ्या मला तेव्हा डोळ्यांपुढे दिसत होत्या.

माणसाने असे निरोपे आकाशातही नेऊन ठेवले आहेत. मार्च १९६५ मध्ये सोडलेल्या ‘ऑस्कर-३’ या हौशी उपग्रहाने अवकाशातून पुनःक्षेपण केले. आपल्या इस्रोने ५ मे २००५ रोजी श्रीहरिकोट्याहून ‘हॅमसॅट’ सोडला. तो ४२.५ किलो वजनाचा होता. त्यात दोन पुनःक्षेपक होते. एक भारतीय मंडळींनी घडवलेला आणि दुसरा नेदरलँड्समधील एका विद्यार्थ्याने. नऊ वर्षे जगभरच्या छंदिष्टांचे बोलणे त्याने इकडून तिकडे पोहोचवले. २०१४ साली त्याच्या बॅटऱ्या निकामी झाल्या आणि तो मुका झाला. तेथे चढून जाण्यास वाट नव्हती. आमच्या पेटीपर्यंत वाट आहे, हे आमचे केवढे भाग्य!

काका आता नाहीत. शेवटच्या फेरीस ते अर्ध्या वाटेवरच्या आंब्याखाली बसून राहिले आणि आम्ही वर काम करीत असता खालून यंत्रावरून सूचना देत राहिले. परतताना मी त्यांना विचारले, “काका, या पेटीवर तुमचं नाव घालू का?” ते म्हणाले, “अरे, निरोप्याचं नाव कोण विचारतो? निरोप पोहोचला म्हणजे झालं.”

पेटीवर आम्ही त्यांचे नाव घातलेले नाही. नियमाप्रमाणे ती ठरावीक वेळाने आपले संकेतनाम मात्र उच्चारते, तेही काकांना आवडणाऱ्या तारेच्या भाषेत, ‘कड्‌-कट्ट’ अशा लहान-मोठ्या ठोक्यांनी. मध्यरात्री कधी जाग आली की मी यंत्र सुरू करतो. कोणी बोलत नसते. खोऱ्यांत अंधार असतो, माथ्यावर पाऊस कोसळत असतो आणि त्या पावसातून ते ठोके स्वच्छ ऐकू येतात. निरोप्या जागा आहे, एवढे कळले की मी पुन्हा निश्चिंत झोपतो.