साठ हजारांची पंगत

ग्रँट रोड स्टेशनातून पूर्वेला उतरलं की थोड्याच अंतरावर लॅमिंग्टन रोड लागतो. पाटीवर तो डॉ. भडकमकर मार्ग, पण ग्राफिक कार्डाचा भाव काढायला निघालेला कुणी त्या नावानं वाट विचारत नाही.

निकाल लागले की इथे बाप-लेकांच्या जोड्या फिरू लागतात. लेकाच्या मोबाइलमध्ये यादी, बापाच्या डोक्यात आकडा. यादीत सगळ्यात वर प्रोसेसर, तोही थेट आय नाइन. आकडा साठ हजारांचा असला, तर तो घेतल्यावर ग्राफिक कार्ड उरतं नावापुरतं. मग आचारी दहा आणि वाढपी एक अशी ती पंगत: भात केव्हाच शिजलेला, पानं मात्र रिकामी.

हिशेब खरं तर उलट्या टोकानं मांडावा, म्हणजे पडद्यापासून. १९२० बाय १०८० च्या मॉनिटरवर एका चित्रात सुमारे २१ लाख ठिपके असतात. फोर-केमध्ये ८३ लाख, म्हणजे चौपट. ते रंगवायचे ग्राफिक कार्डानं. कोण कुठे धावतंय, कुणाची गोळी कुणाला लागली, हे ठरवायचं प्रोसेसरनं. आणि पडदा मोठा झाला म्हणून त्याचं काम फारसं वाढत नाही. सेकंदाला ६० चित्रं हवी असतील तर एका चित्राला सोळा-सतरा मिलिसेकंद मिळतात. १४४ हवी असतील तर सातही नाहीत. म्हणूनच ‘व्हॅलोरंट’ खेळणाऱ्यानं प्रोसेसरकडे लक्ष द्यावं, ‘सायबरपंक २०७७’च्या झगमगाटात भटकणाऱ्यानं कार्डाकडे. १०८० च्या पडद्याला सहा कोरचा रायझन ५ ५६०० आणि आठ जीबीचं आरएक्स ६६०० ही जोडी मिरवण्यासारखी नाही, पण एकमेकांना खोळंबून ठेवत नाही.

स्वस्ताईतली खरी गोम बारीक अक्षरांत असते. २०२२ साली आलेल्या आरएक्स ६५०० एक्सटीला पीसीआय एक्सप्रेसच्या चारच लेन आहेत. त्याच्याशी रायझन ५ ५६००जी जोडला, तर या लेन तिसऱ्या पिढीच्या, म्हणजे चौथीच्या निम्म्या वेगानं चालतात. कार्डावरची चार जीबी मेमरी भरली की खेळ अडखळतो. एवढा फरक नावातल्या एका ‘जी’चा!

रॅमचं सोपं आहे. सोळा जीबीच्या एका स्टिकपेक्षा आठ-आठच्या दोन बऱ्या, आणि बायोसमध्ये एक्सएमपी चालू करायला विसरू नये. नाहीतर ३२०० ची रॅम बरेचदा कमी वेगावरच रखडते.

चिकटपणा होतो तो एसएमपीएसवर. काचेच्या कॅबिनेटला रंगीत पंखे हवेतच, आणि वीजपुरवठा मात्र कुठल्याशा अनोळखी डब्याचा! वरच्या जोडीला फार वीज लागत नाही: कार्डाला १३२ वॅट, प्रोसेसरचा टीडीपी ६५. चांगल्या प्रतीचा ४५० ते ५०० वॅटचा एसएमपीएस पुरतो. ‘८० प्लस ब्रॉन्झ’चा शिक्का वीज किती वाया जाते तेवढंच सांगतो, दाब अचानक वाढला तर कार्ड वाचेल का, याची हमी त्यात नाही. तालुक्याच्या गावी वीज जाते तिथे यूपीएसही लागतो, आणि ६०० व्हीएच्या यूपीएसमधून साधारण ३६० वॅटच मिळतात.

उरलेले पैसे कुठे घालावेत? मदरबोर्डाच्या झगमगाटात तर नक्कीच नाही. एएम४ सॉकेटच्या २०१७ सालच्या कित्येक साध्या बोर्डांवर, बायोस अद्ययावत केलं की, २०२२ चा रायझन ७ ५८००एक्स३डी आजही बसतो.